आधी जाऊन ये

मिरजेच्या माणसाला सांगलीला जायचे म्हणजे काय मोठेसे? सिटी बसमध्ये बसायचे, वानलेसवाडी, विश्रामबाग मागे टाकायचे, आणि शेजारच्या माणसाशी पावसापाण्याच्या गप्पा संपायच्या आत उतरायचे. अंतर सारे दहा किलोमीटरांचे. हे अंतर तोडायला मला नऊ वर्षे लागली. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला ही हकीकत बरी की वाईट, ते वाचकांनीच ठरवावे.

आधी एक कबुली देऊन टाकतो. भाऊबंदकी आमच्या मातीतच आहे. सांगली संस्थान जन्माला आले तेच मुळी घरच्या भांडणातून. चिंतामणराव पटवर्धनांचे आपल्या चुलत्यांशी, म्हणजे मिरजेच्या गंगाधररावांशी पटेना. १८०१ साली ते मिरजेतून वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीला आपली गादी नेली. पुढे मिरजेच्याही थोरली पाती आणि धाकटी पाती अशा वाटण्या झाल्याच. संस्थाने गेली, इंग्रज गेले, आणि १९९८ साली सरकारने सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका केली. घरपट्टीची बिले एका कचेरीतून निघू लागली. मी मिरजेत आणि दादा सांगलीत, असे आम्ही दोघे भाऊ मात्र एका महानगरपालिकेत राहूनही दोन संस्थानांसारखे वागत होतो.

कारण होते आईच्या पाटल्या.

२०१० साली आई गेली. शेवटचे चार महिने ती माझ्याकडे होती. औषधपाणी, रक्ताच्या तपासण्या, दवाखान्याचे बिल, सगळे मीच पाहत होतो. दादा यायचा, उशाशी बसायचा, जाताना म्हणायचा, ‘पैसे लागले तर सांग.’ हे वाक्य मला लागायचे. सांग म्हणजे काय? दिसत नाही का? मी कधी सांगितले नाही. तेराव्याला गोडाचे जेवण आटोपले, पाहुणे पान खात बसले होते, आणि वहिनींनी सहज विचारावे तसे विचारले, ‘आईंच्या पाटल्या कुठे ठेवल्यात हो भावजी?’

ओटीवर दहा माणसे होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ‘मी काय चोर आहे?’ असे म्हणून मी उठलो. दादा काही बोलला, मी त्याहून वाईट बोललो. त्या दिवसापासून येणेजाणे बंद. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर दोघेही मांडवाचे खांब न्याहाळायचो. दिवाळीला त्याच्या घरची चकली नाही, माझ्या घरचे अनारसे नाहीत. मुले मोठी झाली, ती आपापसांत मोबाइलवर बोलत, आम्हाला चोरून.

आता सिस्टरबाईंविषयी सांगायला हवे.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत त्या राहायच्या. मिशन हॉस्पिटलात परिचारिका म्हणून त्यांचे आयुष्य गेले. मिरजेबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, हे हॉस्पिटल म्हणजे आमच्या गावाची एक ओळख. विल्यम वानलेस नावाचे डॉक्टर १८८९ साली पत्नीसह इकडे आले, प्रथम सांगलीत राहिले, मग मिरजेत त्यांनी मुक्काम हलवला. १८९४ साली इस्पितळ उभे राहिले आणि पुढे महाराष्ट्रातून नि कर्नाटकातून रोग्यांची रीघ लागली. मिरज म्हणजे दवाखान्यांचे गाव, हा लौकिक तेथून सुरू झाला. सिस्टरबाई तिथेच शिकल्या, तिथेच राबल्या, आणि निवृत्त झाल्यावर आमच्या गल्लीत आल्या. पांढरे पातळ, काळी छत्री, रविवारी सकाळी देवळात. त्यांच्या चर्चला त्या ‘देऊळ’च म्हणायच्या, आणि आम्हाला त्यात कधी काही वावगे वाटले नाही.

त्या गल्लीतली भांडणे मिटवत, असे म्हटले तर वाचकांच्या डोळ्यांपुढे एक गोड बोलणारी, सर्वांच्या पाठीवरून हात फिरवणारी बाई उभी राहील. तशा त्या नव्हत्या. बोलणे तुटक होते, आणि ‘जाऊ द्या, विसरून जा’ हे शब्द तर त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. ‘जखमेतला पू न काढता वरून पट्टी बांधली तर काय होतं, मास्तर?’ असे एकदा त्यांनी मला विचारले होते. मी शाळामास्तर, पू वगैरे शब्दांनी मला कसेसेच होते. त्यांना त्याचे काही नव्हते.

त्यांची एक रीत होती. वॉर्डात असताना रोग्यांच्या नातेवाइकांची भांडणे व्हायची. स्टोव्ह कुठे मांडायचा, नळावर आधी कोण, असल्या गोष्टींवरून. एक कन्नड बोलणारा, एक मराठी, दोघेही जागरणाने चिडलेले, दोघांचेही माणूस आत खाटेवर. सिस्टरबाई दोघांना समोर उभे करीत आणि पहिल्याला म्हणत, ‘तुझं गाऱ्हाणं मला ठाऊक आहे. याचं गाऱ्हाणं काय आहे ते तू सांग.’ तो गडबडायचा. ‘त्याचं मी कसं सांगू?’ ‘मग त्याला विचार आणि सांग.’ ज्याने दुसऱ्याचे म्हणणे दुसऱ्याला पटेल असे सांगितले, त्यालाच मग स्वतःचे बोलायची परवानगी. ‘निम्मी भांडणं तिथंच बसायची,’ त्या म्हणायच्या, ‘आणि निम्मी बसायची नाहीत.’ ही दुसरी निम्मी त्या कधी लपवत नसत, म्हणून त्यांच्यावर माझा विश्वास बसला.

एकदा तर गल्लीने त्यांनाच भांडखोर ठरवले. एका घरात सुनेला मारहाण व्हायची. आम्हा सर्वांना ऐकू यायचे आणि आम्ही सर्व रेडिओ मोठा करायचो. घरची गोष्ट, आपण कशाला पडा. एके रात्री सिस्टरबाई छत्री घेऊन गेल्या आणि त्या घराचे दार ठोठावू लागल्या. दार उघडेना, त्या हलेनात. अर्धी गल्ली जागी झाली. शेवटी सून बाहेर आली आणि सिस्टरबाईंच्या खोलीवर जाऊन झोपली. पुढे तिचे माहेरचे आले, पोलिसांत तक्रार झाली, बरेच काही झाले. दुसऱ्या दिवशी एक वजनदार गृहस्थ सिस्टरबाईंना म्हणाले, ‘तुम्ही शांततावादी माणसं ना? गल्लीची शांतता घालवलीत.’

त्यांनी उत्तर दिले ते माझ्यासमोर. ‘गल्लीत शांतता नव्हती, साहेब. गल्लीत चिडीचूप होतं.’

येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात ज्यांना धन्य म्हटले आहे त्यांत एक वर्ग शांतीचे काम करणाऱ्यांचा आहे. मूळ ग्रीक शब्दात ‘करणे’ हाच धातू आहे, हे मला पुष्कळ नंतर कळले. शांती आवडणारे, शांत बसणारे, असा तो अर्थच नाही. शांत बसणाऱ्यांत मी पहिल्या नंबरचा होतो, म्हणून ही गोष्ट मनाला लागली.

२००९ च्या सप्टेंबरात मिरजेत काय झाले ते आम्ही मिरजकर विसरू म्हटले तरी विसरता येत नाही. ऐन गणेशोत्सवात एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल उसळली, संचारबंदी लागली, गणपती मांडवांत अडकून पडले. हे त्या गावात, जिथे मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि उरुसाला हिंदू-मुसलमान गवई सारख्याच भक्तीने हजेरी लावतात. माझ्या वडिलांचा तंबोरा आहे. त्याची जवारी काढायला सतारमेकर गल्लीतले एक कारागीर वर्षानुवर्षे आमच्या घरी यायचे. दंगलीनंतर ते येईनासे झाले. मीही निरोप धाडला नाही. भांडण काहीच नव्हते, नुसता संकोच. तंबोरा भिंतीला टेकून मुका बसला.

सिस्टरबाईंनी विचारले तेव्हा मी म्हणालो, ‘ते येतील, वातावरण निवळू द्या.’ त्या म्हणाल्या, ‘ते कसे येतील, मास्तर? तुमच्या गल्लीत यायचं त्यांना. जायचं तुम्हीच.’ गेलो. दुकानात भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, लाखेचा वास. त्यांनी चहा मागवला. दंगलीविषयी दोघेही अक्षर बोललो नाही. ते घोडीवरच्या सुताविषयी तासभर बोलले आणि मी तासभर ऐकले. पुढच्या आठवड्यात ते घरी आले. एवढेच.

घरी येऊन मी सिस्टरबाईंना मोठ्या ऐटीत ही हकीकत सांगितली होती. एका वर्षाने आई गेली, पाटल्यांचे झाले, आणि माझ्या ध्यानात आले की परक्या माणसाकडे चालत जाणे सोपे असते. तिथे आपण मोठे होऊन परत येतो. सख्ख्या भावाकडे जायचे म्हणजे लहान होऊन जायचे.

सिस्टरबाईंना सगळे ठाऊक होते, पण दोन-तीन वर्षे त्यांनी विषय काढला नाही. एका नाताळच्या आधी त्या घाईघाईने कुठे निघालेल्या दिसल्या. विचारले तर म्हणाल्या, रविवारी प्रभुभोजन आहे, त्याआधी एकीला भेटायचे आहे. त्यांच्या मंडळीतल्या कुणा बाईशी बोलाचाली झाली होती. ‘चूक कुणाची?’ मी विचारले. मास्तरकीची सवय. त्या म्हणाल्या, ‘तिची.’

‘मग तुम्ही का जाता?’

तेव्हा त्यांनी मला त्याच प्रवचनातली दुसरी गोष्ट सांगितली. माणूस आपले अर्पण घेऊन वेदीपाशी उभा आहे, आणि तिथे त्याला आठवते की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे. तर त्याने अर्पण तिथेच ठेवावे, आधी जाऊन भावाशी समेट करावा, मग येऊन अर्पण करावे. ‘नीट ऐकलंत का?’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्या मनात भावाविषयी काही असेल तर, असं नाही म्हटलेलं. भावाच्या मनात तुमच्याविषयी काही असेल तर. चूक कुणाची ते तिथं विचारलेलंच नाही.’

घरी येऊन मी ते वाचून काढले. तसेच आहे. वाचता वाचता आणखी एक गोष्ट सुचली. वेदी होती जेरुसलेमच्या मंदिरात. ऐकणारे लोक होते गालीलकडचे. मधले अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पायी जायला तीन-चार दिवस. म्हणजे बिचाऱ्याने तीन-चार दिवस चालून यायचे, बोकड किंवा कबुतरे वेदीपाशी ठेवायची, तितकेच दिवस चालत घरी जायचे, भावाशी बोलायचे, आणि पुन्हा तितकेच चालून यायचे. तोवर त्या बोकडाचे काय, हा प्रश्न मला पडला आणि हसूही आले. मग सिटी बसचे दहा किलोमीटर आठवले आणि हसू थांबले.

आपल्याकडे याचा एक दाखला घरोघर वाचला गेला आहे. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंचा संसार मधोमध चिरला. काही वर्षे ताटातूट. मग त्या नवऱ्याच्या गावी आल्या त्या एकदम सर्व सोडून नव्हे. आधी आपले सोवळे सांभाळून राहिल्या. पुढे त्या स्वतःच्या वाटेने, स्वतःच्या वेळी बदलल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो फार, पण त्या हसण्याखाली दोन हट्टी माणसांनी एकमेकांकडे केलेली किती येरझार आहे! टिळकांनी बायकोला ओढून नेले असते तर ते पुस्तक झाले नसते. समेट म्हणजे एकाने हरणे, ही आपली समजूत चुकीची आहे असे मला तेव्हापासून वाटते. वाटते खरे, पण मी सांगलीला गेलो नाही तो नाहीच.

आणि २०१९ चा ऑगस्ट उजाडला.

कृष्णेला पूर आमच्याकडे नवा नाही. पण त्या वर्षी आयर्विन पुलापाशी पाण्याने सत्तावन फुटांची खूण ओलांडली. धोक्याची पातळी पंचेचाळीस. सांगलीच्या निम्म्या पेठा पाण्यात, वीज नाही, प्यायला पाणी नाही, होड्यांतून माणसे काढत होते. दादाचे घर गावभागात. मिरजेचा उंचवटा कोरडा, इथल्या शाळांतून पूरग्रस्तांची सोय केलेली. आमच्या शाळेतही होती. मी निवृत्त असलो तरी धावलो. चादरी गोळा केल्या, बिस्किटांचे पुडे मोजले, याद्या केल्या. याद्या करणे मला उत्तम जमते. दादाची खबर मुलाकडून चोरून घेतली. ते सगळे वरच्या मजल्यावर होते आणि सुखरूप होते. मी पुन्हा चादरी मोजू लागलो.

सिस्टरबाई तेव्हा थकल्या होत्या, पण भाकऱ्या थापायला येऊन बसत. माझी यादी पाहून म्हणाल्या, ‘छान झाली यादी. सगळ्या सांगलीची नावं आहेत हिच्यात. एक नाही.’

मी रागावलो. म्हणालो, ‘त्यांनी माझ्यावर चोरीचा आळ घेतला, सिस्टरबाई. दहा माणसांत.’

‘आळ घेतला की प्रश्न विचारला?’

मी गप्प.

‘आणि तुम्ही उत्तर काय दिलंत?’

वाचकहो, तोवर मी ही गोष्ट बायकोलासुद्धा बोललो नव्हतो. त्या दिवशी भाकरीच्या परातीपाशी बोललो. पाटल्या दोन होत्या. एक माझ्या कपाटात होती. दुसरी मी आई असतानाच मोडली होती, दवाखान्याचे बिल भागवायला. चोरी नव्हे ती. पण दादा ‘सांग’ म्हणाला होता आणि मी सांगितले नव्हते. त्याच्याकडे हात पसरण्यापेक्षा आईची पाटली सोनाराच्या तराजूत टाकणे मला बरे वाटले होते. वहिनींच्या प्रश्नाला सरळ उत्तर होते, आणि ते देण्याऐवजी मी अपमान झाल्याचे सोंग केले. नऊ वर्षे ते इतके छान वठले की मला स्वतःलाच ते खरे वाटू लागले.

सिस्टरबाईंनी नुसती मान हलवली. धीर दिला नाही, की दोषही दिला नाही. ‘पीठ संपलं,’ म्हणाल्या.

तरीही मी लगेच गेलो नाही. पूर ओसरला, गणपती गेले, नवरात्र गेले. पाडव्याच्या दिवशी सकाळी राहिलेली पाटली रुमालात बांधली आणि बसमध्ये बसलो. बरोबर कुणालाही घेतले नाही. साक्षीदार असले की आपण भाषण करतो.

गावभागात भिंतींवर अजून पाण्याची रेघ होती, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. दादाच्या खालच्या खोल्यांना पोपडे आलेले, दारे फुगून न मिटणारी. दार वहिनींनी उघडले. ‘या,’ म्हणाल्या, आणि आत गेल्या. दादा पलंगावर बसला होता. किती वाळला होता! मी चपला काढल्या, समोर बसलो, आणि ठरवून आणलेली सगळी वाक्ये विसरलो.

मग सिस्टरबाईंची वॉर्डातली रीत आठवली. मी म्हणालो, ‘दादा, आधी तुझं मी सांगतो. तुला वाटलं असेल, हा सगळं एकट्यानं करतो आणि आपल्याला आईपासून तोडतो. पैसे देऊ केले तर घेत नाही, आणि वर आपणच मोठा म्हणून मिरवतो.’

दादा खिडकीबाहेर पाहत म्हणाला, ‘मिरवत होतासच.’

‘आणि वहिनींना वाटलं असेल की पाटल्या मी दाबल्या.’

आतून भांड्याचा आवाज थांबला. मी रुमाल सोडला, एक पाटली पलंगावर ठेवली आणि दुसरीचे सांगितले. सगळे. दवाखान्याचे बिल किती, सोनाराने किती दिले, आणि मी का विचारले नाही.

गळ्यात पडणे वगैरे काही झाले नाही. दादा चिडला. चांगलाच चिडला. ‘आईची पाटली मोडलीस आणि मला विचारलं नाहीस? मी मेलो होतो का?’ हे त्याने तीन वेळा म्हटले. मी ऐकून घेतले. उत्तरे तयार होती, दिली नाहीत. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मी तेव्हा दहा माणसांत विचारायला नको होतं.’ यावर दादा त्यांच्यावरच चिडला की मध्ये बोलू नकोस. मग आम्ही तिघेही चकल्या खात बसलो. पुरात भाजणी भिजली होती, नवी केली, म्हणून जरा कडक झाल्यात, असे वहिनी सांगत होत्या. चकल्या खरोखरच कडक होत्या.

पाटली त्यांनी घेतली नाही आणि मी परत आणली नाही. ती बरेच दिवस त्यांच्या देव्हाऱ्यात होती. मग दादाच्या मुलीच्या हातात गेली.

मिरजेला उतरल्यावर आधी सिस्टरबाईंकडे गेलो. ‘काय म्हणाले?’ त्यांनी विचारले. ‘चिडला,’ मी म्हणालो. ‘बरं झालं,’ म्हणाल्या, आणि वहिनींनी दिलेल्या डब्यातली एक चकली तोडून तोंडात घातली. दातांना झेपेना, तर चहात बुडवून खाल्ली. २०२१ साली त्या गेल्या. दादा मातीला आला होता, माझ्या शेजारी उभा होता.

सोनाराची पावती मला मात्र त्या दिवशी सापडली नव्हती, आणि शाळामास्तराच्या भावाला पावतीशिवाय हिशेब कसा पटावा? ती नंतर मिळाली, आईच्या रक्ताच्या रिपोर्टांच्या फायलीत घडी घालून ठेवलेली. घेऊन पुन्हा सांगलीला गेलो. दादाने चष्मा लावला, पावती उजेडात धरली, वजन वाचले, भाव वाचला, पुन्हा एकदा वाचले आणि म्हणाला, ‘या सोनारानं घट जरा जास्तच धरलीय. मला नेलं असतंस तर मी धरू दिली नसती.’